ठकीची तारीख

ज्या दिवशी वनमालाचा रिपोर्ट आला आणि आता ऑपरेशन करून उपयोग नाही असं परळच्या इस्पितळात सांगितलं, त्याच दिवशी संध्याकाळी तिनं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. त्या दिवशी लवू घाडी सगळ्यात जास्त कुणावर चिडला असेल तर त्या पिल्लावर. डॉक्टरवर चिडता आलं नाही. तो पोरगेला होता आणि बोलताना वनमालाकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. वर्षभर आधी गर्भाशय काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण तुम्हाला कसं कळणार, एवढं म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं. वनमालावर चिडायची तर सोयच नव्हती. मुलुंड स्टेशनपासून गव्हाणपाड्यातल्या चाळीपर्यंत दोघं चालत आली, ती पुढे, हा मागे, रिपोर्टचं पाकीट काखेत दाबून. मच्छीबाजाराच्या वळणावर ती एकदम खाली बसली. त्याला वाटलं, चक्कर आली. धावत जाऊन बघतो तर गटाराच्या कडेला कुणीतरी पोतं टाकलेलं, त्यात तीन पिल्लं, दोन मेलेली, तिसरं थरथरत होतं. तिनं ते उचललं, उलटं करून नर की मादी ते बघितलं आणि म्हणाली, "चेडू आसा. म्हणान टाकल्यानी." लवू भररस्त्यात ओरडला, "अगे, आज काय झाला ता तुका कळता काय?" ती पदरात पिल्लू गुंडाळत म्हणाली, "कळता. डॉक्टर मराठीतच बोलत होतो." आणि चालायला लागली.

तिनं तिचं नाव ठकी ठेवलं. मार्च ते जुलै असे चार महिने त्या एका खोलीत दोन बायका होत्या, एक वाढत होती आणि एक आटत होती. लवूला दोन्ही बघवत नव्हतं. परळला जाऊन विजेचा शेक घेऊन आल्यावर वनमाला भिंतीशी पडून राहायची आणि ठकी तिच्या पायाशी. तिला अन्न जात नसे, ते ठकी खायची. "बघा, वाया जाणा नाय," वनमाला म्हणायची, आणि लवूला वाटायचं, हे असलं बोलणं हिला सुचतं तरी कसं. आषाढात ती गेली. तेराव्याला आलेल्या बायकांनी एकमतानं सांगितलं, त्या कुत्रीला आता सोडून द्या, पुरुषमाणसाच्या घरात कुत्री कशाला, कुत्रा असता तर गोष्ट वेगळी. ते ऐकून लवूनं ठकीला ठेवून घेतलं. मायेनं ठेवलं असं कुणी म्हटलं असतं तर तो भांडला असता. बायकांचं ऐकायचं नव्हतं म्हणून ठेवलं.

ती एकटी खोलीत रडायची, म्हणून तो तिला कामावर नेऊ लागला. बेमुदत संपात गिरणी गेली तेव्हापासून तो मुलुंडलाच एका सात मजली बिल्डिंगची लिफ्ट चालवत होता. बावीस वर्षं कापडाचे साचे चालवलेला माणूस आता स्टुलावर बसून लोकांना वर नेऊन सोडत होता. ठकी जिन्याखाली बसून राहायची. पाचव्या मजल्यावर डॉक्टर वसुधा केतकर राहायच्या. गुराढोरांचं शिकलेल्या, पण मुलुंडमध्ये गुरं कुठली, म्हणून बिल्डिंगच्या मागच्या गाळ्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवायच्या. वय तिशीचं, बोलणं एक घाव दोन तुकडे. सप्टेंबरात, गणपती उठल्यानंतरच्या शनिवारी त्या खाली उतरल्या, ठकीसमोर उकिडव्या बसल्या, तिचे दात बघितले, शेपूट उचलून बघितलं.

"घाडी, किती महिन्यांची ही?"

"आठ होतील बाई."

"माजावर आलेली नाही अजून. मग कसली वाट बघताय? पुढच्या गुरुवारी घेऊन या, गर्भाशय काढून टाकू. पहिल्या माजाच्या आधी काढलं तर पुढं आचळांना गाठी व्हायची भीती जवळजवळ राहत नाही. एकदा माज येऊन गेला की तेवढा फायदा नाही. आणि तुमच्या चाळीत दर सहा महिन्यांनी सात-सात पिल्लं कुठं ठेवणार? पोत्यात?"

त्या लिफ्टमध्ये शिरल्या. त्यानं जाळी ओढली, बटण दाबलं. पाचवा मजला आला, त्यानं जाळी उघडली, आणि त्या बाहेर पडत असताना त्याच्या तोंडून सरळ, सवयीनं, काही विचार न करता निघालं, "दसऱ्यानंतर बघू, बाई."

त्या "बघा बुवा" म्हणून निघून गेल्या. लवूचा हात जाळीवर तसाच राहिला. खालून कुणीतरी घंटी वाजवत होतं, तिसऱ्यावरून कुणीतरी "लिफ्ट, लिफ्ट" ओरडत होतं. तो हललाच नाही. ते शब्द त्यानं बोललेत यावर त्याचा विश्वास बसेना. दुसऱ्या कुणी त्याच्या तोंडात ते घातले असते तर त्यानं त्याच्या थोबाडीत मारली असती. दसऱ्यानंतर का? दसऱ्याला काय होतं? काही नव्हतं. पैशाचीही अडचण नव्हती, बाई त्याच्याकडून फक्त औषधांचे घेणार होत्या. रजेची गरज नव्हती, दवाखाना त्याच बिल्डिंगच्या मागं होता. शब्द तेवढे होते, तोंडात वर्षभर तसेच राहिलेले, आणि दार उघडल्याबरोबर ते बाहेर पडले.

ते तिथं आले कसे हे त्याला चांगलं माहीत होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात वनमालाला म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात नेलं होतं. वर्षभर तिचं अंगावरून जात होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. लवूला कळलं ते वाळत घातलेल्या फडक्यांची संख्या बघून. तिथल्या डॉक्टरबाईंनी गाठी आहेत म्हणून सांगितलं, पिशवी काढून टाका, लवकर काढा, चिठ्ठी देते. घरी येऊन लवूनं पहिली गोष्ट कोणती केली, तर पोस्टकार्ड काढलं आणि गावाला भावाला, दादूला, लिहिलं की कौल लाव. त्याला दुसरं काही करता येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गावच्या रवळनाथापुढं गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. लहानपणी पाकळ्यांचं ताट धरून तो बापाच्या शेजारी उभा राहायचा. एकदा एक म्हातारा आला होता, मुलगा मुंबईला पळून गेला तो कधी येईल असं विचारायला. बापानं त्याला तिथंच झापलं होतं: "कधी असा इचारूचा नाय. देवाक दोनच हात. ह्या की ता, असा इचार." लवूनं ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. त्याचा त्याला अभिमान होता. गिरणीतले गाववाले कौल मागायचं पत्र लिहायचं असलं की त्याच्याकडे यायचे, कारण घाडीचा मुलगा, प्रश्न बरोबर घालणार. वनमालासाठी त्यानं असाच बरोबर प्रश्न घातला, चांगल्या वळणदार अक्षरात: पावसाळ्याआधी ऑपरेशन केल्यानं यश असेल तर उजवी दे, दसऱ्यानंतर केल्यानं यश असेल तर डावी दे.

अकरा दिवसांनी दादूचं उत्तर आलं. डावी दिली. दसऱ्यानंतर करावे. काळजी नसावी.

ते कार्ड वाचून लवूला हलकं वाटलं होतं. ही गोष्ट आठवली की त्याला स्वतःचे केस उपटावेसे वाटत. हलकं वाटलं होतं, कारण त्याला भीती वाटत होती. लिफ्टची नोकरी नवी, रजा मागायची तर सेक्रेटरीपुढं तोंड वेंगाडायला लागणार. घरात पंधरा दिवस कोण करणार. आणि कापायचं म्हणजे टेबलावर काहीही होतं, गिरणीत त्याच्या खात्यातल्या एका जॉबरची बायको अशीच गेली होती. देवानं चार महिने दिले, देवानं दिले, मग आपण कशाला बोला. दसरा आला तेव्हा सुलक्षणाचं लग्न जमलं. बोरिवलीचा मुलगा, बँकेत शिपाई, माणसं बरी. त्यांना मार्गशीर्षात लग्न हवं होतं. लवू म्हणाला, लग्न उरकून घेऊ, मग बघू. देवानं दसऱ्यानंतर म्हटलं होतं, मार्गशीर्ष दसऱ्यानंतरच येतो. लग्न झालं, वनमाला मांडवात उभी राहिली, नऊवारी नेसली, सगळ्यांना वाढलं. माघात ती मोरीत पडली.

आता लिफ्ट तिसऱ्यावर आणताना, तिथल्या बाईंची बडबड ऐकून घेताना, त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती. गुरुवार. हा गुरुवार नाही चुकवायचा. संध्याकाळी केतकरबाई परत आल्या तेव्हा तो स्टुलावरून उठून उभा राहिला आणि जवळजवळ ओरडलाच, "गुरुवारीच आणतो तिला. दसरा नाही, बिसरा नाही." बाई दचकल्या. "बरं बरं," म्हणाल्या, "ओरडता कशाला? बुधवारी रात्रीपासून काही खायला देऊ नका. पाणीसुद्धा सकाळी नाही." त्यानं ते दोनदा म्हणून घेतलं. पाच दिवस होते. पाच दिवस काय, बघता बघता जातील असं त्याला वाटलं.

चाळीत अशा गोष्टी लपत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारची शेवंती कळशी भरता भरता म्हणाली, "भावोजी, ठकीचं ऑपरेशन करताय म्हणे? अहो, एकदा तरी वेत होऊ द्या. मुक्या जनावराला आईपण मिळू नये म्हणजे काय. पाप असतं ते."

"कुणी सांगितलं पाप असतं म्हणून?"

"सगळेच सांगतात. एकदा व्याली की मग काय ते करा. माझ्या ठाण्याच्या भावाला एक पिल्लू पण हवंय, मी सांगूनही ठेवलंय त्याला."

"म्हणजे भावाला पिल्लू हवंय म्हणून पाप."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. वनमालावहिनी असत्या तर—"

"शेवंती," लवू म्हणाला, आणि नळावरच्या चारही बायकांनी माना वळवल्या, "तुझी तीन झाली, मग तू दवाखान्यात जाऊन करून आलीस की नाही? आम्ही कुणी आलो पाप सांगायला? का तेव्हा नवरा म्हणाला होता, अजून एक वेत होऊ दे?"

शेवंतीनं कळशी आपटली आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याचं त्याला समाधान वाटलं नाही. बायकांच्या तोंडून "कधी" हा विषय निघाला की त्याचं डोकं भडकायचं. ज्याला त्याला दुसऱ्याच्या पोटातलं काय कधी काढायचं ते माहीत. आधी काढा, नंतर काढा, व्याल्यावर काढा, लग्नानंतर काढा. ठकी खाली बसून नळाचं सांडलेलं पाणी चाटत होती. तिचं पोट अजून पोरीसारखं गुलाबी, केसांशिवायचं होतं. तिच्याबद्दल चाळभर बोलणं चालू होतं आणि ती पाणी पीत होती.

त्याच दिवशी, रविवारी, दुपारी सुलक्षणा आली. येताना बोरिवलीहून सोड्यांची खिचडी करून आणली होती. बापाला जेवायला वाढून ती समोर बसली, तिच्या आईसारखीच एक गुडघा वर करून. ठकीनं तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

"हिचं केलंत का बाबा?"

"गुरुवारी."

"नक्की? की ढकलाल पुढं?"

"नक्की म्हटलं ना."

"चिडताय कशाला? मी नुसतं विचारलं. आपल्या घरात ढकलायची सवय आहे सगळ्यांना." तिनं ठकीच्या कानामागं खाजवलं. मग ती खालमानेनं म्हणाली, "माझ्या लग्नाचा आल्बम सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात. मी त्या वेळी आत जाते. आईचा तो वाढतानाचा फोटो आहे ना, हसतेय ती. मला तो बघवत नाही. माझ्यासाठी थांबली ती बाबा. मी काय मेले असते दोन महिने उशिरा लग्न झालं असतं तर? तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. मला तिचा इतका राग येतो ना, की मेलेल्या माणसाचा एवढा राग बरा नव्हे."

लवूच्या हातातला घास हातात राहिला. "खा ना," सुलक्षणा म्हणाली. तो खाऊ लागला. खिचडी चांगली झाली होती, मीठ बरोबर होतं, आणि त्याला तिथून उठून जिथं माणसं नाहीत अशा कुठल्या तरी ठिकाणी जाऊन बोंब मारावीशी वाटत होती. कारण सुलक्षणाला हे कुणी सांगितलं होतं? त्यानंच. तेराव्याच्या दिवशी, तिच्या सासरची माणसं बसली असताना, कुणीतरी विचारलं, एवढं वाढेपर्यंत दाखवलं कसं नाही? आणि लवू म्हणाला, "तिनं ऐकलं नाही. मी मागं लागलो होतो. पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू, हाच हट्ट." सगळ्यांनी मान हलवली, आईचं काळीज असतंच तसं म्हणाले, बायकांनी डोळे पुसले. कोपऱ्यात बसलेली सुलक्षणा ते ऐकत होती हे त्यानं बघितलं होतं. बघून तो बोलला होता. तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही असं नाही; घेता येतं. दुसऱ्या दिवशी घेता आलं असतं, आठ दिवसांनी घेता आलं असतं, आत्ता खिचडी खाताना घेता येत होतं. तो म्हणाला, "ताक आहे का?" सुलक्षणा ताक घ्यायला उठली. चार वाजता ती गेली. जाताना ठकीला म्हणाली, "गुरुवारी शहाण्यासारखी वाग हां."

मंगळवारी सकाळी तो चहा ठेवायला उठला आणि लादीवर लाल थेंब दिसला. मग दुसरा, मोरीच्या उंबऱ्याशी. मग तीन ओळीनं, अंथरुणापर्यंत. तो तसाच वाकून उभा राहिला. क्षणभर, खरंच क्षणभर, त्याच्या मनात आलं ते ठकीचं नव्हतं. त्याच्या मनात आलं, हिनं पुन्हा लपवलं. वनमाला असेच थेंब पहाटे उठून पुसायची, त्यानं उठायच्या आत, आणि एखादा राहून गेला तर म्हणायची, कुंकू सांडलं. तो ओरडणार होता. मग ठकी अंथरुणातून उठून आली, शेपूट हलवत, आणि त्याच्यासमोर बसून मागचा भाग चाटायला लागली. सगळ्यांसमोर, जराही न लाजता.

त्यानं चहा ठेवला नाही. फडकं घेऊन लादी पुसली, फडकं धुतलं, पुन्हा पुसली. मग तिच्या गळ्यात दोरी बांधली आणि तिला ओढतच नेली. वाटेत पोस्टापाशी एक तांबडा कुत्रा मागं लागला, मग दुसरा. लवूनं दगड मारले. केतकरबाई दवाखान्याचं शटर वर करत होत्या. त्यांनी ठकीकडे एकदा बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरेरे. आली की हो माजावर."

"आत्ताच करा," लवू म्हणाला. "आत्ता. काल रात्री नऊनंतर तिनं काही खाल्लेलं नाही."

"आता नाही करता येत घाडी. या दिवसांत सगळ्या शिरा रक्तानं फुगलेल्या असतात. कापलं तर आवरत नाही. तीन आठवडे हा माज, मग पुढं दोनेक महिने जाऊ द्यायचे. डिसेंबरमध्ये करू." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "अकरा डिसेंबर. गुरुवारच आहे."

"बाई, मी तिला आणलीय ना? मी गुरुवार सांगितला होता, दोन दिवस आधीच आणली. करा. जे व्हायचं ते होऊ दे."

"म्हणजे तुम्हाला घाई झाली म्हणून मी हिला टेबलावर मारू?" बाईही चिडल्या. "शनिवारी तुम्हीच दसऱ्याचं म्हणत होता."

त्याचा चेहरा बघून बाईंचा आवाज उतरला. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा. हे बघा, हे असं होतं. दिवस मोजून कुणाला कळत नाही. मीच पुढचा गुरुवार दिला होता ना? त्याच दिवशी घ्यायला हवी होती. तुमची काही चूक नाही यात."

यावर तो पेटला. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. "चूक नाही कशी?" तो म्हणाला. "चूक नाही, चूक नाही! परळचा डॉक्टर म्हणाला, तुम्हाला कसं कळणार, तुमची चूक नाही. भाऊ म्हणतो, देवाचा कौल, आपली चूक नाही. तेराव्याला माणसं आली, सगळी म्हणाली, तुमची चूक नाही. मग एक बाई मेली ती कुणाच्याच चुकीनं नाही मेली? आपली आपणच मेली?" बाहेर कंपाउंडमध्ये कुणीतरी थांबून बघत होतं. ठकी टेबलाखाली जाऊन बसली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला तुमच्या मिसेसचं माहीत नव्हतं, घाडी." मग कागदावर तारीख लिहून दिली, तीन आठवडे हिला एकटी बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं, आणि पैसे घेतले नाहीत. त्यानं कागद घेतला. उपकाराचाही त्याला रागच आला.

तीन आठवडे त्यानं ठकीला कामावर नेलं नाही. कामावरून दर दोन तासांनी धावत यायचा, दोरी धरून तिला मोरीच्या मागच्या बोळात न्यायचा, आणि हातात काठी घेऊन उभा राहायचा. रविवारी खोलीचं दार लावून तो आत बसायचा आणि बाहेर कुत्रे बसलेले असायचे, चार, पाच, सहा. दारावर नखं घासायचे. चाळीतली पोरं हसायची. शेवंती आता बोलायला लागली होती, दारावरून जाताना मोठ्यानं म्हणायची, "जावई आलेत भावोजी, चहा विचारा." ठकी आतून दाराला नाक लावून कुंई कुंई करायची. तिला बाहेर जायचं होतं. तिला कुणी विचारलं असतं तर तिचं उत्तर साफ होतं. लवू तिच्याकडे बघायचा आणि त्याला कळायचं नाही की आपण हिला वाचवतोय की नुसते हिच्या दारावर बसलोय, पुन्हा एकदा, काठी घेऊन. पण कुत्रीचं कुत्रीला कळत नाही, तिच्या वतीनं माणसालाच ठरवावं लागतं, इथपर्यंत ठीक होतं. वनमाला कुत्री नव्हती. तिला भाषा होती. तिला विचारता आलं असतं.

आणि ती बोलली होती. हेच तर तो इतके महिने बाजूला सारत आला होता. पोस्टकार्ड पाठवून चार दिवस झाले होते, मे महिन्यातली संध्याकाळ, ती या इथं, दाराशी, सुपात तांदूळ निवडत बसली होती. सुपातून नजर न काढता ती म्हणाली होती, "मी एकटीच जावन येव काय? चिठ्ठी आसा माझ्याकडे. दाखल करून घेतत, शेवंतीन सांगल्यान. सुलू बघीत घराचा." घाबरून नाही, रडून नाही. बाजारात जाऊन येऊ का विचारावं तसं. तिनं सगळं ठरवलं होतं. चिठ्ठी कुठं ठेवलीय, कुणी घर बघायचं, सगळं. आणि लवू पेपर वाचत होता, म्हणाला होता, "गप रव. पत्र घातलंय मी दादूक. उत्तर येवं दे." ती गप्प राहिली. पुन्हा एकदाही बोलली नाही; ना दसऱ्याला, ना लग्नाच्या वेळी. कौल लावताना देवापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या, आधी आणि नंतर. उद्याच, ही तिसरी वाट तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली होती आणि त्यानं ती देवापर्यंत पोचूच दिली नव्हती. देवाचा काय दोष. जेवढं विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. लवूला देवावरही नीट चिडता येईना, तेव्हा त्यानं काठी उचलून आतूनच दारावर इतक्या जोरात मारली की बाहेरचे कुत्रे पळाले, ठकी घाबरून मुतली, आणि शेवंतीनं दार वाजवून विचारलं, "भावोजी, बरे आहात ना?" तिच्या आवाजात या खेपेला थट्टा नव्हती.

दसऱ्याच्या चार दिवस आधी दादूचं पत्र आलं. माझे गुडघे गेले, उभे राहवत नाही. तेरावे होऊन गेले, सुतक नाही, तरी दसऱ्याला येऊन गाऱ्हाणे तू घालावेस, मान आपल्याकडे राहिला पाहिजे. लवूनं त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. येत नाही. मान दुसऱ्या घरास द्यावा. वनमालाच्या वेळी प्रश्न मी चुकीचा घातला होता, तुझ्याकडे काही दोष नाही, माझ्याकडे आहे, हे देवाला सांगायचे असेल तर सांग. त्यानं ते पुन्हा वाचलं, पत्ता घातला, आणि रात्र व्हायच्या आत जाऊन पेटीत टाकून आला. ठकीला बरोबर नेलं होतं. तिचा माज उतरत आला होता. एकच कुत्रा मागून चालत होता, तोही अर्ध्या वाटेवर कंटाळून परत फिरला.

पोस्टातून दोन कार्डं आणली होती. घरी येऊन त्यानं दुसरं पुढं घेतलं. चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद, एवढं लिहिलं. मग पेन हातात धरून बसला. तिचा नवरा वाचेल, सासू वाचेल, कार्ड कुणीही वाचतं. पाकिटात घालायला पाहिजे. नाहीतर पत्रात नकोच, तोंडानं सांगायला पाहिजे. ती येत्या रविवारी येते म्हणाली होती. येत्या रविवारी दसरा, ती सासरहून यायची नाही. मग दसरा होऊ दे, मग तिच्या घरीच जाऊन—तो थांबला. स्वतःच्या डोक्यात चाललेलं त्याला स्वच्छ ऐकू आलं. त्यानं कार्ड टराटरा फाडलं आणि तुकडे केरात टाकले. तसं करूनही काही झालं नाही. फाडण्यानं काय होणार होतं. वनमालाच्या जागेवर ठकी झोपली होती, पोट वर करून, चारही पाय हवेत सोडून.

तो उठला, स्टोव्ह पेटवला, तिचा आणि आपला भात टाकला. सकाळची पहिली पाळी दुसऱ्या माणसाला सांगून उद्याच बोरिवलीला जाता आलं असतं. त्यासाठी आता चाळीच्या टोकाला राहणाऱ्या त्या माणसाकडे जाऊन दोन शब्द बोलायचे होते. तो दाराजवळ उभा राहिला. भात शिजत होता.

ठकीचं ऑपरेशन अकरा डिसेंबरला व्हायचं होतं. आई लग्नासाठी थांबली नव्हती, बापानं तिला थांबवलं होतं, हे त्यानं सुलक्षणाला अजून सांगितलेलं नव्हतं.